घराची वही

आईबाबांचे कोथरूडचे घर विकायचे असे दादाचे आणि माझे ठरले, तेव्हा पहिला एजंट घर पाहायला आला. सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर त्याने स्वयंपाकघरात ओट्याखालचे कपाट उघडले आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवले. कागदावर बाबांच्या अक्षरात तीन ओळी होत्या: 'डावा कॉक – न्हाणीघर. मधला – ओटा. उजवा – बाल्कनी. मधला पूर्ण पिळू नये, आटे गेले आहेत.' "ताई, हे आधी काढून टाका," तो म्हणाला. "असलं काही दिसलं की गिऱ्हाइकाला वाटतं, घरात कटकटी आहेत." मी तो कागद ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोडवला, पंख्याखाली वाळवला आणि बाबांच्या वहीत ठेवून दिला.

या वहीबद्दल आधी सांगायला हवे. बाबा पाटबंधारे खात्यात होते. कामाच्या जागेवर जशी नोंदवही असते, तशीच त्यांनी घराचीही ठेवली होती, आणि १९८४ साली या घराचा ताबा मिळाला त्या दिवसापासून तिच्यात नोंदी होत्या. गच्चीवरची टाकी कधी धुतली, वायरिंग कधी बदलले, कोणत्या खिडकीचे गज गंजले म्हणून काढले, २००३ मध्ये न्हाणीघराच्या फरश्या उखडून खालचा कोबा नव्याने घातला तो किती जाडीचा होता, मिस्त्रीला किती दिले, किती राहिले, हे सगळे तारखेसह लिहिलेले होते. शेवटची नोंद नोव्हेंबर २०२२ मधली होती: 'मागील खोलीच्या उत्तर भिंतीस ओल. वरचे न्हाणीघर पाहणे.' पुढच्या जानेवारीत बाबा गेले. वरचे न्हाणीघर पाहायचे राहून गेले.

आई त्यांच्या आधी चार वर्षे गेली होती. मी नाशिकला, दादा बेंगळुरूला, आणि घर कुलूपबंद. बंद घर नुसते पडून राहत नाही, ते आतून खराब होत जाते, हे मला वर्षभरात कळून चुकले. शिवाय महिन्याचा देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि वीजबिल चालूच होते. म्हणून २०२४ च्या जानेवारीत आम्ही ठरवले की, घर विकायचे आणि शक्य तितक्या लवकर विकायचे. गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी नॉमिनी म्हणून माझे नाव होते, पण नॉमिनी होणे म्हणजे मालक होणे नव्हे. वारस आम्ही दोघेही होतो, तेव्हा खरेदीखतावर दोघांच्याही सह्या लागणार होत्या. पुष्कळ घरांचे व्यवहार नेमके इथेच अडतात. गिऱ्हाईक मिळते, विसार ठरतो, आणि मग एखाद्या वारसाची सही मिळत नाही. आमच्यात वाद नव्हता, तरीही आम्ही घराला हात लावण्याआधी महिनाभर केवळ कागदच जमवले. मूळ करारनामा, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे सूची क्रमांक दोन, संस्थेचा भाग दाखला, भोगवटा पत्र, कराच्या पावत्या, दोघांचेही मृत्यूचे दाखले हे सगळे एका फाइलमध्ये लावले. घर विकण्याची तयारी झाडूने नव्हे तर फाइलने सुरू करावी, असे मला आज ठामपणे वाटते.

त्यानंतर माळा. चाळीस वर्षांचा माळा रिकामा करणे हे एका माणसाचे काम नाही, म्हणून दादा आणि वहिनी आठवडाभर रजा काढून आले. गणपतीची तीन मखरे, पितळेचा बंब, आईची लोणच्याची बरणी, बाबांनी गुंडाळून ठेवलेले धरणांचे जुने नकाशे, आमच्या दोघांची प्रगतिपुस्तके, न वापरलेल्या स्टीलच्या भांड्यांचे खोके. रद्दी, भंगार आणि द्यायच्या वस्तू असे ढीग पहिल्या दोन दिवसांत झाले. तिसऱ्या दिवशी मात्र हात चालेना, कारण आता उरले होते ते कोणत्याच ढिगात न बसणारे. तेव्हा वहिनीने एक साधा नियम घालून दिला आणि मला तो अजूनही पटतो: ज्याला जे हवे ते त्याने आजच आपल्या गाडीत ठेवायचे, 'नंतर नेईन' असे म्हणायचे नाही. बंब मी नाशिकला आणला. नकाशे दादाने नेले.

घर दाखवण्यासाठी रिकामे करायचे म्हणजे नेमके किती रिकामे करायचे, यावर पुष्कळ मते ऐकली. माझे मत असे झाले की, पूर्ण रिकामी खोली आहे त्यापेक्षा लहान वाटते आणि भरलेली तर त्याहून लहान वाटते. मागच्या खोलीत नुसता पलंग ठेवला, तेव्हा येणाऱ्याला त्या खोलीत काय मावते ते डोळ्यांनी कळू लागले. बाहेरच्या खोलीत जेवणाचे टेबल आणि चार खुर्च्या ठेवल्या, म्हणजे माणसे बसतील आणि फाइलही पाहतील. देवघर हलवले. ते काढावे की नाही यावर आमची चर्चा झाली, पण ज्याच्या पुढ्यात आईने पस्तीसेक वर्षे दिवा लावला त्याच्याकडे परक्या माणसांनी 'हे इथून निघेल ना?' म्हणून बोट दाखवावे, हे आम्हा दोघांनाही सहन झाले नसते.

वासाचा प्रश्न मला कोणी सांगितला नव्हता. पहिल्यांदा कुलूप उघडले तेव्हा डांबराच्या गोळ्या, कोंदटपणा आणि त्यांच्याखाली गटाराचा एक वास असा एकत्र भपकारा आला. गोळ्या काढल्या, खिडक्या दोन दिवस सताड उघड्या ठेवल्या, फिनेलने फरशी पुसली, तरी तो तिसरा वास जाईना. शेवटी प्लंबर आला आणि त्याने काहीही न खोलता न्हाणीघराच्या जाळीत एक बादली पाणी ओतले. त्या जाळीखाली ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात तो वाकलेला भाग असतो. त्यात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि तेच पाणी खालच्या वाहिनीतली हवा वर येऊ देत नाही. घर महिनोन्महिने बंद राहिले की ते पाणी उडून जाते, मग वासही वर येतो आणि झुरळेही येतात. न्हाणीघर, संडास, ओट्याची मोरी, बाल्कनीतले तोंड अशा चार ठिकाणी पाणी ओतल्यावर तासाभरात वास गेला. त्यानंतर गिऱ्हाईक येणार असेल त्या दिवशी शेजारच्या काकू सकाळीच चावी घेऊन आत जात, चारही ठिकाणी तांब्याभर पाणी ओतत आणि पूर्वेची खिडकी उघडून ठेवत. त्यांचे हे ऋण मोठे आहे.

मग रंग. आमच्याकडून चूक झाली ती इथे. उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर वर, पोपडे धरले होते. रंगाऱ्याने खरवडून पाहिले, बोटाला लागलेला ओला चुना मला दाखवला आणि स्पष्ट सांगितले, "ताई, पुट्टी भरून रंग मारून देतो, पण पाणी कुठून येतंय ते बघितल्याशिवाय हा रंग पावसाळा काढणार नाही." वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर उकरायचे म्हणजे वरच्या काकांशी बोलणे आले, खर्च आला, महिना-दीड महिना गेला असता. एजंट म्हणाला की पावसाळ्याच्या आत घर विकले जाईलच. दादाचे आणि माझे बोलणे झाले आणि आम्ही रंग मारून घेतला. बाबांची शेवटची नोंद आम्हा दोघांनाही माहीत होती. मी हे लिहिते आहे कारण त्या वेळी आम्ही काय करत होतो हे आम्हाला नीट ठाऊक होते.

फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत एकतीस कुटुंबांनी घर पाहिले. घर स्वच्छ होते, उजेड होता, आयडियल कॉलनीचे मेट्रो स्थानक चालत बारा मिनिटांवर होते. तरी कोणी दुसऱ्यांदा आले नाही. पहिले कारण किंमत. संस्थेतल्या एका घराला दोन वर्षांपूर्वी काय मिळाले याच्या ऐकीव गोष्टीवर आम्ही आकडा ठरवला होता आणि त्यावर चाळीस वर्षांच्या मायेचा भार टाकला होता. पुढे रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर आणि त्याच रस्त्यावर झालेल्या खऱ्या व्यवहारांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा कळले की लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यासाठी आम्ही फार मागत होतो.

दुसरे कारण, लोक जे विचारत त्याची उत्तरे माझ्याकडे नव्हती. मला वाटायचे की लोक खोल्या पाहायला येतात. ते खोल्या पाच मिनिटांत पाहत आणि मग विचारत: पाणी किती वेळ येते? गाडी कुठे लावायची? जमीन संस्थेच्या नावावर झाली आहे की अजून बिल्डरच्याच? पुनर्विकासाचे काय चालले आहे? कार्पेट किती? या शेवटच्या प्रश्नाला मी जुन्या करारनाम्यातला बिल्टअपचा, म्हणजे भिंतींसकट क्षेत्राचा, आकडा सांगत असे आणि समोरचा माणूस गप्प होई, कारण रेरा हा घरबांधणीचा कायदा आल्यापासून लोकांना भिंतींच्या आतले चटईक्षेत्र हवे असते आणि त्यात बाल्कनी धरत नाहीत. अखेर दादाने एका रविवारी टेप घेऊन खोली न् खोली मोजली आणि साधा नकाशा काढून फाइलमध्ये लावला. संस्थेचे मानीव अभिहस्तांतरण झाले होते, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर होती. ही आमची सर्वांत मोठी जमेची बाजू, आणि चार महिने मी ती कोणालाही सांगितली नव्हती, कारण मला तिचे महत्त्वच कळले नव्हते. सचिवांकडून त्या आदेशाची प्रत घेतली आणि तीही फाइलमध्ये गेली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, भिंत फुगली बघ." मी आले, तर नव्या रंगाखाली पाण्याचा हात फिरावा तसा एक डाग उत्तरेच्या भिंतीवर आडवा पसरला होता आणि त्याच्या कडेने रंगाचे फोड आले होते. त्या दिवशी दुपारी एक कुटुंब घर पाहायला येणार होते. मी त्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितले आणि वर काकांकडे गेले. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून गळती असेल तर दुरुस्ती संस्थेची, पण एका घराच्या न्हाणीघरातून दुसऱ्या घरात पाणी झिरपत असेल तर ते त्या सभासदांनी आपसांत निस्तरायचे असते. काकांचे वय ऐंशीच्या पुढे, घरात एकटे. मी बाबांची वही त्यांच्यासमोर ठेवली आणि शेवटची नोंद दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "त्याने मला हे बोलून दाखवलं होतं," ते म्हणाले. "मीच म्हटलं, उन्हाळ्यात बघू." खर्च निम्मा-निम्मा असे तिथेच ठरले आणि काम चालू असेतो काका आंघोळीला आमच्या घरी खाली उतरू लागले.

मिस्त्रीने वरच्या फरश्या उखडल्या, जुना कोबा फोडला, कोपऱ्यातला कुजलेला सांधा काढला, नवे वॉटरप्रूफिंग केले. मग जाळीचे तोंड बंद करून न्हाणीघरात चार बोटे पाणी भरले आणि दोन दिवस तसेच ठेवले. त्या दोन दिवसांत मी खाली भिंतीपाशी बसून होते. ओलीची कड जिथे होती तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. पाणी भरल्यानंतरच्या सकाळी पाहिले, रेघेच्या बाहेर ओल गेली नव्हती. दुसऱ्या सकाळीही नाही. आठ दिवसांनी ओल रेघेच्या आत बोटभर सरकली होती. तिथे दुसरी रेघ मारली. जुलैच्या अखेरीस त्या भिंतीवर एकात एक अशा चार रेघा झाल्या, प्रत्येकीवर तारीख. भर पावसाळ्यात भिंत सुकायला वेळ लागतो, त्यामुळे मधला भाग अजून गडद होता. एजंट म्हणाला, निदान रंगाचा एक हात मारा. मी या वेळी ऐकले नाही.

२५ जुलैला पुण्यात तुफान पाऊस झाला. खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. त्या रविवारी, २८ तारखेला, आम्ही घर पुन्हा दाखवायला काढले. किंमत उतरवलेली होती. वारज्यात भाड्याने राहणारे एक जोडपे आणि मुलाची आई असे तिघे आले. आई साताऱ्याकडच्या निवृत्त शिक्षिका होत्या. मुलगा आणि सून खोल्या पाहत असताना मी त्या बाईंना मागच्या खोलीत नेले आणि पलंग ओढून भिंत दाखवली. "काकू, इथे ओल होती. वरच्या न्हाणीघरातून येत होती. महिन्यापूर्वी काम झालंय, या रेघांवरून बघा. अजून पूर्ण सुकलेली नाही." त्यांनी वाकून प्रत्येक तारीख वाचली, मग हाताचा पालथा पंजा भिंतीला आधी मध्ये आणि मग कडेला लावून पाहिला. "आणि आधी कधी झालं होतं का?" त्यांनी विचारले. मी वही आणून दिली.

बाहेर पाऊस कोसळत होता. साताऱ्याच्या त्या काकू पलंगाच्या कडेवर बसून वही पहिल्या पानापासून वाचू लागल्या. मुलगा दोनदा बोलवायला आला, त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितले. वीसेक मिनिटांनी त्यांनी वही मिटली आणि मला एवढेच विचारले, "ही वही घरासोबत मिळेल का?"

पुढे एका वकील मैत्रिणीने सांगितले की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्यच आहे. हे ऐकून मला फेब्रुवारीतला तो रंग आठवला. त्या चार महिन्यांत घर विकले गेले असते, तर जूनमध्ये कोणाच्या तरी पलंगामागे ती भिंत फुगली असती.

बाकीचे लवकर झाले. घासाघीस झाली, पण भिंतीवरून नाही. एका आधीच्या गिऱ्हाइकाने काही रक्कम रोखीने घ्याल का असे विचारले होते आणि आम्ही नाही म्हटले होते. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे कायद्याने बंद आहे आणि बाबांच्या घरावर तसला पैसा आम्हाला नको होता. इथे तो प्रश्नच आला नाही. विसार ऑगस्टमध्ये बँकेतून आला, साठेखत म्हणजे विक्रीचा करार झाला. किंमत पन्नास लाखांच्या वर असल्याने घेणाऱ्यांनी एक टक्का कर कापून भरला. घर काकूंच्या आणि सुनेच्या नावावर घेतले, त्यामुळे मुद्रांक शुल्कात त्यांना महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळाली. आम्ही आमच्या भांडवली नफ्यावरचा कर मोजण्यासाठी १ एप्रिल २००१ रोजीचे घराचे मूल्य मूल्यांककाकडून काढून घेतले. त्यांच्या कर्जाची कागदपत्रे पूर्ण झाली तेव्हा पितृपक्ष लागला होता. काकू म्हणाल्या, आम्ही थांबतो, तुम्ही काळजी करू नका. घटस्थापनेनंतर खरेदीखत नोंदवले आणि दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, किल्ल्या द्यायचे ठरले.

त्या दिवशी मी सकाळी लवकर जाऊन चारही जाळ्यांत पाणी ओतले. भिंत कोरडी झाली होती. पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या, कारण रंग आपल्या पसंतीचा लावायचा म्हणून त्यांनी तो आम्हाला लावू दिला नव्हता. काकू आल्या, दाराला तोरण बांधले, आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवली. मी किल्ल्या दिल्या, फाइल दिली आणि वही दिली. वहीतून बाबांचा तो कागद खाली पडला. काकूंनी तो उचलून वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालचे कपाट उघडले. "मधला कोणता?" त्यांनी विचारले, कारण आत तीन नव्हे तर चार कॉक होते. चौथा कधी बसवला ते मला माहीत नव्हते. आम्ही दोघी फरशीवर बसलो. सुनेने न्हाणीघरात, ओट्यावर आणि बाल्कनीत असे सगळे नळ सोडले आणि काकू एकेक कॉक फिरवत गेल्या, मी 'बंद झाला का गं?' म्हणून ओरडत गेले. चौथ्याने काहीच बंद होईना. मग वरून काकांची हाक आली की त्यांच्याकडचे पाणी गेले. काकूंनी कॉक पुन्हा उघडला, पर्समधून पेन काढले आणि बाबांच्या तीन ओळींखाली चौथी लिहिली.